सावत्र घर आणि जुने कागद



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्या गुरुजींच्या स्मृतीस प्रथम विनम्र अभिवादन करतो. या व्याख्यानमालेत यापूर्वी मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी विद्वान नाही. न्यायालयाच्या दफ्तरखान्यात माझी उभी हयात गेली. दावे दुसऱ्यांचे, कागद दुसऱ्यांचे. ते नीट लावून ठेवणे आणि मागितल्यावर काढून देणे एवढेच माझे काम. पण चाळीस वर्षे इतरांचे कागद हाताळताना एक गोष्ट मला कळत गेली. घराण्याचा इतिहास वंशावळीत असतो त्यापेक्षा अधिक मृत्युपत्रांत, वारसाच्या दाखल्यांत आणि लग्नासंबंधीच्या लेखांत असतो. त्यातही ज्या घरात दोन संसारांची मुले एकत्र वाढली, त्या घराचा इतिहास तर केवळ तेथेच सापडतो. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

या विषयाची सुरुवात याच शाळेत झाली. १९५८ सालच्या जूनमध्ये आईचे बोट धरून मी या वास्तूच्या पायऱ्या चढलो. माझे वडील १९५६ च्या भाद्रपदात नाशिक जिल्ह्यातील आमच्या गावी वारले होते. आईने पुनर्विवाह केला आणि आम्ही बडोद्याला आलो. दाखला घेताना नोंदवहीत एक रकाना होता : वडिलांचे अथवा पालकाचे नाव. आई गप्प राहिली. बरोबर आलेले माझे सावत्र वडीलही काही बोलले नाहीत. गुरुजींनी टाक दौतीत बुडवला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "रकाना एक असला तरी ओळी दोन मावतात." मग त्यांनी वरच्या ओळीत माझ्या दिवंगत वडिलांचे आणि खालच्या ओळीत दुसऱ्या वडिलांचे नाव लिहिले. मला त्या वेळी यातले काही समजले नाही. पुढे दफ्तरखान्यात बसून असंख्य रकाने पाहिले, तेव्हा गुरुजींनी त्या दिवशी काय केले ते उमगले.

आपल्या या शहरात आपण मराठी बोलतो, पण गुजरातीच्या शेजारात वाढतो. गुजरातीत 'आंगळियात' असा एक शब्द आहे. आईच्या बोटाला धरून तिच्या दुसऱ्या घरी आलेले मूल, असा त्याचा अर्थ. जोसेफ मॅकवान यांच्या गाजलेल्या कादंबरीचे हेच नाव आहे. मी आंगळियात होतो. म्हणून माझा आजचा विषय मला पुस्तकातून मिळालेला नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील एखाद्या हिंदू कुटुंबाचा माग काढायचा तर कागद कोठून आणायचे? ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चच्या वह्या आहेत. पारशी समाजासाठी १८६५ च्या कायद्याने विवाहनोंदणी आली. हिंदू विवाहाला मात्र त्या काळी सरकारी नोंद नव्हती. लग्न अग्नीच्या आणि पंचांच्या साक्षीने लागे आणि माणसांच्या आठवणीत राही. पुनर्विवाहाची गोष्ट आणखी निराळी. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जाती सोडल्या तर महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत विधवेचा पाट लागत असे. पेशवाईच्या हिशेबांत 'पाटदाम' या नावाची बाब आढळते. ती विधवेच्या पाटावर घेतली जाणारी सरकारी पट्टी. ज्या लग्नाची धर्मग्रंथांनी उपेक्षा केली, त्याची सरकारी हिशेबनिसाने मात्र आठवणीने नोंद ठेवली! १८२७ साली आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील जातींच्या रूढींचे जे संकलन केले, त्यातही पाटाचे नियम तपशिलाने आले आहेत.

वारसाचे कागद याहून अधिक. मुंबई इलाख्यात १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनने वारस, मृत्युपत्राचे व्यवस्थापक आणि मिळकतीचे कारभारी यांना न्यायालयाकडून मान्यता मिळवण्याची वाट दिली. 'वारसाचा दाखला' हा शब्द आपल्या घराघरांत त्यातूनच रुळला. मयताचे येणे वसूल करण्यासाठी १८६० चा कायदा झाला. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टमुळे मुंबई शहरातील हिंदूंची मृत्युपत्रे प्रोबेटच्या चौकटीत आली, आणि १८८१ च्या कायद्याने ती पद्धत विस्तारली. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याबद्दल न्यायालयाची मोहोर. ती मोहोर मिळवताना अर्जदाराला मयत केव्हा वारला, मागे कोण कोण आहेत, कोण कोणाचे कोण लागते, हे सारे शपथेवर सांगावे लागे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे?

परंतु येथे एक मर्म ध्यानात ठेवले पाहिजे. कागद कोठे जन्माला येतो? जेथे शंका असते तेथे. एका आईबापांची चार मुले, थोडी जमीन, एक घर, अशा कुटुंबात पिढ्यान् पिढ्या कागद होत नाही. घरात सावत्र नाते आले, की कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकते आणि कागद करून ठेवला जातो. म्हणून दफ्तरात सावत्र घरे भांडखोर दिसतात. ती इतरांहून अधिक भांडतात असे नव्हे. त्यांनी मागे कागद ठेवले, एवढेच. दफ्तर चाळणाऱ्याने हा पक्षपात मनातून वजा केला नाही, तर त्याचा निष्कर्ष चुकेल आणि गेलेल्या माणसांवर अन्यायही होईल.

हे सारे मी एका घराच्या उदाहरणाने स्पष्ट करतो. घर प्रसिद्ध आहे. पण त्याच्याकडे सावत्र घर म्हणून फारसे कोणी पाहिलेले नाही. डॉ. रखमाबाईंचे घर.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत १८६४ साली सुतार ज्ञातीत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी मूल झाले आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हेही विधुर होते. वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्रातही त्यांचा अधिकार होता. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीकडून आलेली मिळकत आपल्या मुलीच्या नावे करून दिली. रखमाबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या.

या एका कृतीपाशी आपण थोडे थांबू. १८५६ चा पंधरावा कायदा, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा, आपण सुधारणेचा विजय म्हणून शाळेत शिकतो, आणि ते खरेच आहे. पण त्याचे दुसरे कलम सहसा कोणी वाचून दाखवत नाही. विधवेने पुनर्विवाह केला, की पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा वारसाहक्क वा पोटगीचा हक्क संपेल, आणि जणू ती मरण पावली असे समजून ती मिळकत पतीच्या पुढच्या वारसांकडे जाईल, असे ते कलम सांगते. तिसरे कलम मुलांविषयी आहे. मृत्युपत्राने पालक नेमलेला नसेल, तर आईच्या पुनर्विवाहानंतर मयत पतीचे आईवडील, आजीआजोबा किंवा कोणीही पुरुष नातेवाईक मुलांचा दुसरा पालक नेमावा म्हणून न्यायालयाकडे अर्ज करू शकत. म्हणजे कायद्याने विधवेला दुसऱ्या घराचे दार उघडून दिले, पण पहिल्या घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवून जायला सांगितले. आणि मूलही मागे राहील की काय, ही धास्ती वेगळीच.

ज्या जातींत पाट पूर्वापार चालत होता, त्यांना हे कलम लागू करावे का, याविषयी न्यायालयांत एकमत नव्हते. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने लागू नाही असे धरले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८९६ साली पूर्णपीठाच्या निर्णयाने ते लागू धरले. ज्या बाईला पुनर्विवाहासाठी १८५६ च्या कायद्याची मुळीच गरज नव्हती, तिलाही त्या कायद्याची किंमत मोजावी लागली.

हे लक्षात ठेवून जयंतीबाईंची कृती पाहा. त्यांच्याकडे पतीची मिळकत आली, त्यावरून मी असा तर्क करतो की जनार्दन पांडुरंग भावाबंदांपासून विभक्त असावेत. कारण एकत्र कुटुंबात विधवेला त्या काळी केवळ पोटगी मिळे. विभक्त पुरुषाला पुत्र नसेल, तर विधवेनंतर कन्येचा क्रम लागतो, आणि मुंबई इलाख्यातील मयूख परंपरेत कन्या जे घेते ते पूर्ण मालकीने घेते. म्हणजे कायदा काटेकोर वाचला, तर जयंतीबाईंनी काहीही केले नसते तरी मिळकत रखमाबाईंकडेच जायची. मग आधीच तजवीज का केली? माझे उत्तर असे, की कायद्याने काय होईल आणि प्रत्यक्षात काय होईल यांतील अंतर पंचविशीतही न पोचलेल्या त्या बाईला ठाऊक होते. मुलगी लहान, दुसरे घर नवे, उद्या तेथे दुसरी मुले होणार. ज्या दिवशी आपल्या हातात अधिकार आहे, त्याच दिवशी तो मुलीच्या हाती देऊन मोकळे व्हावे. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण घटनाक्रम त्याच्या बाजूने आहे. आधी मिळकत मुलीच्या नावे, मग लग्न. जुन्या कागदांत मजकुराइतकाच तारखांचा क्रम बोलतो.

पुढची हकीकत आपणांस माहीत आहे. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाला. दादाजी सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले. मुलगी वयात आल्यावर सखाराम अर्जुन यांनी तिला लगेच नांदायला पाठवण्यास विरोध केला. वैद्य म्हणून आणि सुधारक म्हणूनही त्यांना ते मान्य नव्हते. रखमाबाई सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या, शिकत राहिल्या. १८८४ च्या मार्च महिन्यात दादाजींनी वकिलांमार्फत पत्र पाठवले, ते सखाराम अर्जुन यांना. ज्याचे रक्ताचे नाते नव्हते, तोच जबाबदार धरला गेला होता.

पाठोपाठ मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा उभा राहिला. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही, त्याची पुनःस्थापना कसली, असा त्यांच्या निर्णयाचा आशय. १८८६ साली अपिलात तो निर्णय फिरला आणि दावा फेरसुनावणीस गेला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना एका महिन्यात नांदायला जावे, न गेल्यास सहा महिने कैद, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. १८८९ साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, परतल्यावर आपल्या शेजारच्या सुरतेस अनेक वर्षे स्त्रियांच्या रुग्णालयात आणि पुढे राजकोटला त्यांनी सेवा केली. १९५५ साली त्यांचे निधन झाले. या खटल्याने पेटलेल्या वादाचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याशी असलेला संबंध इतिहासकारांनी दाखवलेला आहे.

मी आज या खटल्याकडे सावत्र घराच्या दृष्टीने पाहतो आहे. १८८७ साली दादाजींनी आपली बाजू छापून प्रसिद्ध केली. तीत त्यांचा रोख रखमाबाईंच्या आईवर आणि आईचे वडील हरिश्चंद्र यादवजी यांच्यावर होता. मिळकत हातची जाईल म्हणून हे लोक मुलीला पाठवत नाहीत, असा त्यांचा आरोप. रखमाबाईंनी वृत्तपत्रातून त्यांना उत्तर दिले. म्हणजे मुलीच्या रक्षणासाठी आईने जी तजवीज केली, तीच पुढे आईवरील संशयाचे साधन झाली. एकच व्यवहार, एकाने वाचला तर मायेचा, दुसऱ्याने वाचला तर लोभाचा. दफ्तरखान्यात हा अनुभव मला शेकडो वेळा आला आहे. फिर्यादीच्या कागदातील वाक्य हे फिर्यादीचे वाक्य असते. ते कोणी, कधी आणि कशासाठी लिहिले, हे विचारल्यावाचून त्याचा इतिहासात उपयोग करू नये.

दुसरी गोष्ट अनुपस्थितीची. डॉ. सखाराम अर्जुन १८८५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे पहिल्या निकालाच्या पाच महिने आधी, वारले. ज्या माणसाने मुलीला नांदायला पाठवले नाही, तो निकालाच्या वेळी जगात नव्हता. पुढच्या वादात आई दिसते, आजोबा दिसतात, सावत्र वडील मागे पडतात. केवळ १८८७ चे कागद पाहणाऱ्याला वाटेल, की या घरात त्यांचे स्थान दुय्यमच होते. कागदात जो नाही तो घरात नव्हता, असे समजण्याची चूक आपण फार सहज करतो.

तिसरी गोष्ट नावांची. जनार्दन पांडुरंग, सखाराम अर्जुन, दादाजी भिकाजी, हरिश्चंद्र यादवजी : त्या काळच्या मुंबईत माणसे अशी स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने ओळखली जात, आडनाव क्वचितच लागे. विधिवृत्तांतील इंग्रजी नोंदीत तर रखमाबाईंची 'रुखमाबाई' झाली आहे. आडनाव धरून शोध घेणाऱ्याला हे घर सापडणारच नाही. स्वतः रखमाबाई वैद्यकीय व्यवसायात नुसत्या रखमाबाई या नावाने वावरल्या. आणि आज? आज पुष्कळ जण त्यांचा उल्लेख डॉ. रखमाबाई राऊत असा करतात. राऊत हे आडनाव सखाराम अर्जुन यांचे! जन्मदात्याचे नाही, नवऱ्याचेही नाही. कोणत्याही न्यायालयाने दिले नाही असे हे वारसपत्र लोकांनी परस्पर दिले. शास्त्रशुद्ध वंशावळ मांडणारा याला चूक म्हणेल. मी म्हणणार नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना आपल्या घराण्याचा इतिहास लिहिण्याची हौस आहे हे मी जाणतो. त्यांना माझी तीन सांगणी आहेत. पहिले, कुलवृत्तान्तात जेथे 'द्वितीय संबंध' एवढेच लिहून पुढे गेलेले दिसेल, तेथे थांबा. त्या दोन शब्दांमागे एक बाई आहे आणि बहुधा तिच्या बोटाला एक मूल आहे. दुसरे, वारसाच्या अर्जातील नात्यांची यादी आणि मृत्युपत्रातील देणग्यांची यादी शेजारी शेजारी ठेवा. पहिली यादी कायदा सांगतो, दुसरी मन सांगते. दोहोंत जो फरक दिसेल तोच त्या घराचा इतिहास. तिसरे, साक्षीदारांची नावे वाचा. मजकूर वाचून आपण कागद मिटतो, पण खालच्या सह्यांत पुष्कळ काही असते.

हे शेवटचे मी अनुभवाने सांगतो, आणि तेवढे सांगून थांबतो.

माझे सावत्र वडील मितभाषी होते. त्यांनी मला कधी टाकून बोलले नाही. पण जवळही घेतल्याचे आठवत नाही. मी त्यांना कधी 'बाबा' म्हटले नाही. गावाकडील घराचा माझ्या वडिलांचा हिस्सा होता, त्याचे पुढे काय झाले हे मी कधी विचारले नाही. मात्र मनात एक ग्रह धरून बसलो होतो. ते वारले, आणि काही वर्षांनी आईही गेली. तिच्या ट्रंकेत लग्नातल्या शालूच्या घडीत एक नोंदणी झालेले बक्षीसपत्र सापडले. वडिलांच्या मिळकतीतील आपला हिस्सा तिने माझ्या नावे करून दिला होता. तारीख पुनर्विवाहाच्या आठ दिवस आधीची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा झाला होता आणि पुनर्विवाहाने तो जाणारही नव्हता. कायद्याने तिला तसे करण्याची काही गरज नव्हती.

खाली साक्षीदारांच्या दोन सह्या होत्या. पहिली गावातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांची. दुसरी माझ्या सावत्र वडिलांची. म्हणजे लग्नापूर्वी आठ दिवस ते बडोद्याहून त्या गावी गेले होते, कचेरीत बसले होते, आणि ज्या मिळकतीचा त्यांच्या संसाराला उपयोग झाला असता ती माझ्या नावे होत असताना त्यांनी त्यावर साक्ष घातली होती. आयुष्यभर मी इतरांच्या कागदावरील साक्षीदार वाचले. माझ्या घरचा साक्षीदार वाचायला मला फार उशीर झाला.

मागील वर्षी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी १९५८ ची नोंदवही पाहिली. पान पिवळे पडले आहे, पण गुरुजींचे अक्षर स्वच्छ आहे. एका रकान्यात दोन ओळी. त्या वेळी मला त्यातली एकच ओळ आपली वाटत होती.